घरात कोणी नाही

माझा आवाज या शहरातल्या निम्म्या लोकांनी ऐकलाय आणि चेहरा कोणीच पाहिलेला नाही. यात गूढबिढ काही नाही. मी मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर नोकरीला होते. तळघरातली एक खोली, खिडकी नाही, एक कुरकुरणारा पंखा आणि समोर दिव्यांचा बोर्ड. दिवा लागला की उचलायचं, कोण हवंय विचारायचं, जोडून द्यायचं. "लाईनवर राहा." "डॉक्टर राउंडला गेलेत." "तिथे कोणी नाही, थोड्या वेळाने करा." इस्पितळात मला हॅलोबाई म्हणायचे. जिन्यात समोरासमोर आले तर ओळख नाही, पण फोनवर मी नुसती खोकले तरी विचारायचे, "हॅलोबाई, घसा बसलाय का?"

नोकरीची भाषा घरातही शिरते. दारावर कोणी आलं आणि हे घरी नसले, तर मी आतूनच सांगून मोकळी व्हायचे, "घरात कोणी नाही!" मीटरवाले, विम्याचे एजंट, वर्गणी मागणारे, सगळे निमूट परत जायचे. हे चिडवायचे, "कोणी नाही काय? तू काय खुर्ची आहेस का?" मी म्हणायचे, "खुर्चीवर निदान कोणी येऊन बसतं तरी." असं आमचं चालायचं. हे गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. वाक्य मात्र माझ्या तोंडात तसंच राहिलं.

आमचं घर गल्लीतलं शेवटचं. मागे अंगण, अंगणाला कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे चढत गेलेलं मोकळं माळरान. पुढचं दार ओलीने फुगून चौकटीत रुतून बसलं होतं. सुताराला आज बोलवू, उद्या बोलवू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. मी स्वयंपाकघराच्या दाराने अंगणात आणि तिथून बाजूच्या बोळाने बाहेर पडायला लागले. येणारं-जाणारं तरी कोण होतं म्हणून पुढच्या दाराचं कौतुक करायचं?

एका दुपारी मी भाजी चिरत होते. पुढच्या दारावर थाप पडली. "कोणी आहे का घरात?" पुरुषाचा आवाज.

हातातली सुरी खाली न ठेवता मी ओरडले, "घरात कोणी नाही!"

"बरं," तो म्हणाला आणि गेला.

खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर टोपी घातलेला, पोट सुटलेला एक माणूस तीन पायांच्या दुर्बिणीशी झटापट करत माळाकडे चालला होता. मोजणीवाला. माळावर घरं होणार अशी कुणकुण होतीच. मी पुन्हा भाजी चिरायला घेतली. त्या एका वाक्याने मी काय करून बसले होते ते मला कळायला पुढचे काही महिने जायचे होते.

माझा मुलगा दूरच्या शहरात असतो. गुणी आहे, दर रविवारी फोन करतो. त्याचं एकच पालुपद, "आई, एकटी किती दिवस राहणार? इकडे ये." मी एकदा गेले होते. सून चांगली, नातवंडं चांगली, सगळे आपापल्या वेळेला बाहेर पडायचे आणि मी आठव्या मजल्यावर सोफ्यावर पाय जवळ घेऊन बसायचे. तिथे मला एकटं वाटायचं तेव्हा रडायलाही चोरी. इथे निदान एकटेपण माझं स्वतःचं आहे. रडू आलं तर रडते, नाहीतर ह्यांच्या फोटोशी भांडते. मुलगा म्हणतो, "ठीक आहे, पण घराला काही झालं, तुला काही झालं, तर मी एक शब्द ऐकणार नाही. उचलून घेऊन येईन." तो बोलल्यासारखं करतो. बापावर गेलाय.

मग विजेच्या खांबावर सूचना लागली: माळावरच्या नियोजित वसाहतीबद्दल शाळेच्या सभागृहात जाहीर सुनावणी, हरकती असल्यास मांडाव्यात. खरं सांगते, माझी हरकत काही नव्हती. चार माणसं दिसतील म्हणून मी गेले. इस्त्रीची साडी नेसले, केसांना तेल लावलं, आणि मधल्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीपाशी आमच्याच गल्लीतली, तिसऱ्या घरातली चष्मेवाली बाई आली. माझ्याकडे बघून हसली, मधल्या खुर्चीवर स्वतःची पिशवी ठेवली आणि पलीकडच्या खुर्चीवर बसली. मी हसून घेतलं.

व्यासपीठावर एक अधिकारीबाई, बिल्डरचा माणूस आणि इंजिनिअर. इंजिनिअर सरळ, समजावून सांगणारा होता. भिंतीवर भला मोठा नकाशा लावला होता, त्यावर तो पेन्सिल फिरवत होता.

"आज पाऊस पडला की माळ तो पिऊन टाकतो," तो म्हणाला. "उद्या तिथे छपरं आणि रस्ते होतील. ते काही पाणी पिणार नाहीत. सगळं पाणी उताराने धावत खाली येईल. म्हणून खालच्या अंगाला हे तळं. पाणी इथे थांबेल आणि पाइपातून हळूहळू मोठ्या गटारात जाईल. पाइपाच्या तोंडाला जाळी असेल, म्हणजे कचरा अडकेल."

"आणि तळंच भरलं तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"तर जादाचं पाणी या कडेवरून बाहेर पडेल. तिथली कड मुद्दाम खाली ठेवलीय. बाहेर एक घर आहे, पण ते रिकामं आहे. बंद पडलेलं. आम्ही मोजणीत बघून घेतलंय."

मला त्या घराबद्दल वाईटच वाटलं. कोणाचं असेल बिचाऱ्यांचं, कधीकाळी हौसेने बांधलं असेल, असं काहीबाही मनात आलं. मग नकाशावरच्या गल्लीचं वळण ओळखीचं वाटलं. वळणावरचं औषधाचं दुकान. मग एक, दोन, तीन घरं. मग शेवटचं. इंजिनिअरच्या पेन्सिलीचं टोक माझ्या स्वयंपाकघरावर टेकलं होतं.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मी उभी राहिले. "ते घर रिकामं नाही," मी म्हणाले. आवाज कोणाला ऐकूच गेला नाही. मी हात वर केला, पुन्हा म्हणाले. अधिकारीबाईंनी चष्मा वर केला.

"तुम्ही तिथे राहता?"

"तिथेच राहते."

"कोणासोबत?"

"मी राहते," मी म्हणाले.

बाईंनी कागदात पाहिलं, बिल्डरच्या माणसाने तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं. मग तिने अगदी साधेपणाने सभागृहाला विचारलं, "या बाईंना कोणी ओळखतं का?"

तिचा हेतू वाईट नव्हता. पण तो प्रश्न हवेत राहिला आणि कोणी तो उचलेना. बोर्डावर दिवा लागून राहायचा तसा. मी चष्मेवालीकडे पाहिलं. ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत म्हणाली, "पाहिल्यासारखं वाटतंय... पण ते घर बंदच असतं ना हो? दार कधी उघडलेलं दिसलं नाही."

भर सभागृहात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या अंगणातल्या दोरीवरचे कपडे वाऱ्याने उडून माझ्याकडे यायचे, ते मी घड्या घालून तिच्या फाटकावर ठेवत आले होते. तिला वाटत असेल वाराच घड्या घालतो.

"असं करा," अधिकारीबाई म्हणाली, "माइकवर बोला, म्हणजे नोंद होईल."

माइक हातात आला आणि काय झालं मला माहीत नाही. आपोआप पाठ ताठ झाली, घसा साफ झाला, आणि तळघरातला जुना आवाज बाहेर आला, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. "मी त्या घरात राहते. माझे यजमान वारले, मुलगा परगावी असतो. घर बंद नाही, दार फुगलंय."

कोपऱ्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. टोपीवाला मोजणीवाला उभा राहिला होता. टोपी हातात.

"मॅडम, हाच आवाज," तो म्हणाला.

"कसला आवाज?"

"मी दार वाजवलं होतं. आतून याच आवाजाने सांगितलं, घरात कोणी नाही. म्हणून मी रिकामं लिहिलं."

सगळं सभागृह हसलं. अधिकारीबाईसुद्धा. बिल्डरचा माणूस तर टेबलावर हात आपटून हसला. माझे कान तापले. चूक माझी होती हे मला दिसत होतं, आणि म्हणूनच मी जास्त चिडले.

"अहो, कोणी नाही असं सांगणारं कोणीतरी आत असतं ना!" मी माइकवरच म्हणाले. "एवढं तरी विचारायचं होतं, मग तुम्ही कोण?"

हसणं थांबलं. मोजणीवाल्याने टोपी चुरगळली. "चुकलं माझं," तो म्हणाला. "मला वाटलं, घर बंद आहे, झाडलोट करायला कोणी बाई आली असेल."

त्याच्यावर तरी काय रागवायचं? एवढ्या वर्षांत बोर्डावर हजारो लोकांना मी सांगितलं असेल, तिथे कोणी नाही. मग तुम्ही कोण, असं एकानेही विचारलं नव्हतं. हे मला त्या दिवशी, माइक हातात असताना कळलं.

माइक होताच, तर मी आणखी एक विचारून घेतलं. "जाळीत कचरा अडकणार म्हणालात. तो काढणार कोण?"

"रहिवाशांचा संघ," इंजिनिअर म्हणाला. "तळ्यातला गाळ, जाळी, कडेचं गवत, सगळी देखभाल त्यांच्याकडे."

"तो संघ कधी होणार?"

"घरं विकली गेली की."

"आणि तोवर?"

त्याने बिल्डरच्या माणसाकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं. इंजिनिअर सज्जन होता, खोटं बोलवेना. "तोवर तसं कोणी नाही," तो म्हणाला.

मला हसू आलं. इतरांना का आलं नाही कोण जाणे. तळंही माझ्यासारखंच, नकाशावर असून कोणाच्या लेखी नसलेलं. पाणी मुरतंय ते नेमकं इथे, असं मी म्हणाले नाही, पण अधिकारीबाईला ते समजलं असावं. तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं. जादाचं पाणी दुसऱ्या कडेने, रस्त्याच्या गटाराकडे वळवायचं. संघ होईपर्यंत देखभाल बिल्डरच्या गळ्यात. आणि तळ्यापाशी फोन नंबरचा ठळक फलक लावायचा.

माझा जीव भांड्यात पडला. घरी मात्र एकटीच आले. चष्मेवाली दाराबाहेर भेटली, "या की एकदा," म्हणाली आणि पुढे निघून गेली.

त्यानंतर काही दिवस मोठे गमतीचे गेले. सुनावणीचा किस्सा गल्लीभर झाला होता. औषधवाला मला बघून म्हणायचा, "काय काकू, आज घरात कोणी आहे का?" दूधवाला बोळातून ओरडायचा, "कोणी नसेल तर एक लिटर ठेवून जातो!" मी लटकं रागवायचे. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते आठवून हसायचे. मी सुताराला बोलावलं. त्याने दार उतरवलं, खालची कड रंध्याने तासली, पुन्हा बसवलं. बोटाने ढकललं तरी उघडायला लागलं. मी चौकट पुसली, पायपुसणं टाकलं, आणि संध्याकाळी दार सताड उघडं टाकून खुर्ची घेऊन आत बसले.

कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गंमत शिळी झाली, लोक आपापल्या कामाला लागले. बंद दारामागे बसलं की वाटायचं, दार बंद आहे म्हणून कोणी येत नाही. आता तेही म्हणायची सोय राहिली नाही. मी दार पुन्हा लोटून घेतलं.

माळावर काम सुरू झालं. तळं खोदलं गेलं, माझ्या अंगणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. फलकही लागला. पाणी साठलं तशी मला मागच्या बाजूला बसायची सवय लागली. सकाळी त्यावर ऊन पडायचं, कुठूनसा एक बगळा येऊन एका पायावर उभा राहायचा. तोही एकटाच. मी त्याला म्हणायचे, "बसा, चहा टाकते." मुलाला हे सांगितलं नाही. त्याने लगेच तिकीट काढलं असतं.

काम करणारे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि प्लास्टिक जिथल्या तिथे टाकायचे. वाऱ्याने ते सगळं तळ्यात यायचं आणि हळूहळू जाळीला जाऊन चिकटायचं. दुसऱ्या कडेला पाणी बाहेर काढायची वाट नीट बांधली होती, पण एक दिवस ट्रक आला आणि नेमका त्याच वाटेवर खडीचा ढीग ओतून गेला. मी हातवारे केले. ड्रायव्हरने मला हात हलवून दाखवला, ओळख असल्यासारखा.

मग पाऊस धरला. तीन दिवस उघडीप नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीशी उभी राहिले तर तळं काठोकाठ होतं. जाळी गच्च, पाइपातून पाण्याची नुसती करंगळी. पलीकडे खडीचा ढीग. पाण्याला जायला जागा उरली होती ती माझ्याच बाजूला, आणि माझ्या भिंतीच्या मुळाशी ते पोचलंही होतं. भिंतीतून थेंब थेंब पाणी अंगणात झिरपत होतं.

तेवढ्यात मुलाचा फोन. रविवार नसताना. "आई, बातम्यांत पाऊस दाखवतायत. तिकडे कसं आहे?"

"थोडाफार आहे," मी म्हणाले. "पाणीबिणी काही नाही." फोन ठेवला. आता घरात पाणी शिरलं तर तो येणार, आणि मी आठव्या मजल्यावर, सोफ्यावर. हे घर कुलूप लागून खरंच रिकामं होणार. नकाशा बरोबर ठरणार.

छत्री घेऊन चिखलातून फलकापर्यंत गेले, नंबर पाठ केला. नंबर पाठ करणं मला नवं नाही. घरी येऊन लावला. बऱ्याच वेळाने कोणीतरी उचलला.

"हॅलो," मुलीचा आवाज. तरुण, थकलेला.

"माळावरच्या तळ्याची जाळी तुंबलीय. पाणी माझ्या भिंतीला लागलंय."

"साहेब दुसऱ्या साइटवर गेलेत. इथे कोणी नाही. थोड्या वेळाने करा."

तोच सूर. तीच घाई, वाक्याच्या शेवटी तोच उतार. तिच्यामागे पंखा कुरकुरत होता. तिने फोन ठेवायच्या आत मी म्हणाले, "मग तुम्ही कोण?"

 

"मी..." ती म्हणाली. "मी नुसती फोन घेते, काकू."

"मीसुद्धा नुसती फोनच घ्यायचे. जन्मभर. म्हणून विचारलं." माझा आवाज कापत होता, मी तो आवरला नाही. "ऑफिसात एकटीच असतेस का गं?"

"हो," ती म्हणाली. आणि मग, "खिडकीपण नाही इथे."

"माहितीये मला," मी म्हणाले.

ती हसली की रडली ते कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. "पाणी कुठवर आलंय?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, जाळी, गोण्या, खडीचा ढीग कुठल्या बाजूला. ती मध्ये न बोलता ऐकत होती. चांगली ऑपरेटर होती.

"साहेबांना विचारत बसले तर संध्याकाळ होईल," ती म्हणाली. "जेसीबीवाला दादा माझं ऐकतो. त्याला दुसऱ्या फोनवरून लावते. तुम्ही लाईनवर राहा."

लाईनवर राहा. किती जणांना म्हटलं असेन मी हे, आणि ते पलीकडे कसे उभे असतील, कोणाचं काय जात असेल, याचा कधी विचार केला नव्हता. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि राहिले. खिडकीतून भिंत दिसत होती. लांबून तिचा आवाज येत होता, कोणाला तरी दटावत होती, "साहेबांचं मी बघते, तू निघ आधी."

"काकू? आहात ना?"

"आहे."

"निघालाय तो. दहा मिनिटांत पोचेल. आधी खडी हलवेल, मग जाळी. पण त्याला बाजू दाखवायला कोणीतरी पाहिजे म्हणतोय. तुमच्या घरात कोण आहे?"

जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं.

"सांग त्याला, घरात काकू आहेत म्हणावं," मी म्हणाले. "पुढचं दार वाजवायचं. उघडतं ते आता."